वाचक विचारतात : हिमवादळ येण्याआधी

प्रश्न : गेल्या वर्षी न्यू जर्सीत घर घेतलं. हिमवादळ ओसरल्यावर चार दिवसांनी अचानक तळघरात पाणी झालं. बागेच्या नळाकडे जाणारा पाइप आतल्या बाजूला फुटला होता. नळ तर घट्ट बंद होता, मग चूक कुठे झाली? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : नळ घट्ट बंद होता, तिथेच घोटाळा झाला. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. पाइपात बर्फाचा बोळा बसला, की बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो. पाइप बहुतेक वेळा त्याच टप्प्यात फाटतो, बर्फ असेल तिथेच असं नाही. थंडी असेपर्यंत तो बर्फच बुचाचं काम करतो, त्यामुळे थेंबही गळत नाही. बर्फ वितळला की धार लागते. तुमचे चार दिवस त्यात गेले.

नळाला होज (बागेला पाणी घालायची रबरी नळी) लावलेलीच राहिली होती का, ते आठवून बघा. ‘फ्रॉस्ट-फ्री’ म्हणजे थंडीत न गोठणाऱ्या नळाची पाणी अडवणारी चकती भिंतीच्या आत, उबदार बाजूला असते. नळ बंद केल्यावर मधल्या नळीतलं पाणी आपोआप बाहेर ओघळायला हवं. होज लावलेली असली तर ते आतच अडकतं आणि महागाचा नळही फुटतो.

नळ साधा असेल तर कडाक्याची थंडी सुरू होण्याआधी होज काढा. तळघरात त्या पाइपवर वेगळा व्हॉल्व्ह असतो, तो बंद करा आणि मग बाहेरचा नळ उघडा. व्हॉल्व्हच्या कुशीत बहुधा बोटाच्या पेराएवढं पितळी टोपण असतं. खाली डबा धरून ते सैल करा, म्हणजे उरलंसुरलं पाणी निघेल. टोपण परत घट्ट बसवा आणि बाहेरचा नळ हिवाळाभर उघडाच ठेवा.

शिवाय घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते मुलांसकट सगळ्यांना दाखवा. दांडीचा असेल तर दांडी पाइपला आडवी म्हणजे बंद. पाणी घोट्यापर्यंत आल्यावर तो शोधत बसणं परवडत नाही.

प्रश्न : फेब्रुवारी २०२१ च्या वादळात टेक्सासमध्ये वीज गेली, तेव्हा आमचे फार हाल झाले. आता जनरेटर घेतोय आणि कोळशाची शेगडीही आणून ठेवली आहे. आणखी काय करावं? (प्लेनो, टेक्सास)

उत्तर : शेगडी अंगणातच राहू द्या. त्या वादळात टेक्सासात थंडीने माणसं दगावली, तशी घर तापवण्याच्या धडपडीत, इंधन जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूनेही दगावली. त्याला वास नाही, रंग नाही. घरातल्या सगळ्यांचं एकदमच डोकं दुखू लागलं, मळमळलं, गरगरलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर तो फ्लू नव्हे. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. या वायूची सूचना देणारा, बॅटरीवर चालणारा अलार्म प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ लावा.

जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब ठेवा, धुराचं तोंड खिडक्या-दारांच्या उलट दिशेला. गॅरेजमध्ये नको, दार सताड उघडं असलं तरी नको. त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटी खुपसण्याचा ‘जुगाड’ तर मुळीच करू नका. वीज मागे तारांत जाते आणि दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचा असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच (घर बाहेरच्या तारांपासून तोडून जनरेटरला जोडणारा स्विच) बसवून घ्या.

गॅसचा चूल्हा काडीने पेटवून खिचडीचा कुकर लावायला हरकत नाही, खिडकी थोडी उघडी ठेवा. पण खोली तापवायला तो पेटता ठेवू नका.

तुमच्याकडे बरेचदा पाइप माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले असतात. पारा २० अंश फॅरनहाइटच्या (उणे ७ सेल्सिअस) खाली जाणार असेल, तर रात्री गरम आणि थंड दोन्ही नळांची बारीक धार सुरू ठेवा. मुख्य व्हॉल्व्हपासून सगळ्यात लांबचा नळ आधी घ्या. सिंकखालच्या कपाटाची दारंही उघडी राहू द्या. नळ गोठलाच तर तो उघडून हेअर ड्रायरने नळाच्या बाजूने मागे मागे तापवत जा. ज्योत लावू नका. पिण्याचं आणि वापरायचं मिळून पाणी माणशी रोज १ गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, निदान तीन दिवसांचं भरून ठेवा. दुकानात ब्रेड-दुधासाठी झुंबड उडते, पण पाणी भरून ठेवायचं लोकांच्या लक्षात राहत नाही.

प्रश्न : वीज गेल्यावर फ्रिजमधलं सगळं बाहेर बर्फात ठेवलं तर? (टोरोंटो)

उत्तर : नको. उन्हात डबा तापतो आणि प्राणी येतात. दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण ४ तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. फ्रीझरमध्ये जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या, वर थोडी मोकळी जागा सोडून, आधीच गोठवून ठेवा.

प्रश्न : सांगलीहून आईबाबा हिवाळाभर राहायला येणार आहेत. बाबा म्हणतात, बर्फ मी काढतो, तेवढाच व्यायाम! (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : फावडं लपवून ठेवा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात ओला बर्फ उचलताना रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्याला तर हे काम देऊच नका. ते तुम्हीच करा, बर्फ उचलण्यापेक्षा ढकला, आणि थर थोडा असतानाच दोन-तीनदा जा. पायऱ्यांवरचा बर्फ वितळवायला टाकलेलं साधं मीठ १५ फॅरनहाइटच्या (उणे ९ सेल्सिअस) खाली फारसं चालत नाही. तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं.

कपड्यांत अंगाला चिकटून सुती बनियन नको. घामाने ओलं झालं की ते गारठा धरून ठेवतं. आत लोकरीचं किंवा थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. शून्य फॅरनहाइटला (उणे १८ सेल्सिअस) ताशी १५ मैलांचा वारा असेल, तर उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते, म्हणून कानटोपी आणि हातमोजे घातल्याशिवाय त्यांना दाराबाहेर सोडू नका.

औषधं वादळाच्या आधीच आठवडाभराची जास्त घ्या. आईंना इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर ते बर्फात खुपसू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक असलं तरी टाकूनच द्यावं लागतं. आणि फर्नेसचे (घर तापवणाऱ्या भट्टीचे) पांढरे प्लास्टिकचे पाइप भिंतीतून बाहेर निघत असतील, तर त्यांच्या तोंडावर बर्फ साचला का हे वादळ सुरू असतानाही बघत राहा. ते बुजले की फर्नेस बंद पडते आणि सगळ्यात आधी आईबाबाच गारठतात.