पहिल्यांदाच साप पाळायचा आहे. घर कसं तयार करू, आणि खायला काय, किती, कधी देऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहता, 12 वर्षांच्या मुलीला कॉर्न स्नेक (अमेरिकेतला एक बिनविषारी साप) हवा आहे, घरात सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत, आणि साप घरी येण्याआधी काय काय तयार हवं ते कळत नाही.

कायद्याचं आधी सांगतो. ब्रिटनमध्ये कॉर्न स्नेकला परवाना लागत नाही. पण 16 वर्षांखालच्या मुलांना प्राणी विकता येत नाही, आणि मुलीने सांभाळला तरी कायद्याने जबाबदारी आईवडिलांवर येते. साप 15 ते 20 वर्षं जगतो. मुलगी शिकायला बाहेर गेली की तो तुमच्याकडेच राहणार, तेव्हा होकार त्या हिशोबाने द्या. (हे वाचून महाराष्ट्रात कुणी धामण किंवा दिवड घरात ठेवायचा विचार करत असेल तर कृपया करू नका. आपल्याकडचे साप 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, बिनविषारीसुद्धा.)

घर आणि खाणं या दोन वेगळ्या गोष्टी समजू नका. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. गिळलेला उंदीर पचतो तो बाहेरच्या उबेवर. ती कमी पडली की उंदीर पोटातच कुजू लागतो आणि दोन-चार दिवसांत साप तो ओकून टाकतो. नवशिक्यांकडे साप ‘आजारी पडतो’ तेव्हा बरेचदा मूळ इथेच सापडतं. म्हणून पेटी आधी आणा, आठवडाभर रिकामी चालवून तापमान रोज तपासा, आणि मगच साप आणा.

पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक 120 ते 150 सेंटिमीटर भरतो. त्याला अंग सरळ ताणता यायला हवं, म्हणून पेटी किमान सापाच्या लांबीइतकी, म्हणजे 120 ते 150 सेंटिमीटर लांब, 60 खोल, 60 उंच घ्या. तिकडच्या थंडीत काचेपेक्षा लाकडी पेटी बरी, ऊब टिकते. आतले सांधे मत्स्यटाकीसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनने बुजवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. पुढच्या दोन सरकत्या काचा जिथे एकमेकींवर येतात ती फट नीट बघा. सापाचं डोकं जिथून जातं तिथून अख्खा साप जातो. फटीत पाचर आणि काचेला कुलूप हवंच. पेटी खिडकीच्या उन्हात किंवा रेडिएटरला चिकटून ठेवू नका.

उष्णता एकाच टोकाला द्यायची. तिथे 50 ते 75 वॅटचा हॅलोजन दिवा छताला लावा, त्याला जाळीचं पिंजरं घाला आणि खाली एक सपाट फरशी ठेवा. फरशीचा पृष्ठभाग 30 ते 32 अंश, थंड टोक 22 ते 24. दिवा दिवसाचे 12 तास चालू. रात्री खोली 18 अंशांच्या खाली जात असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर वेगळा लावा. दोन्हींना थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरल्या मर्यादेत ठेवणारं उपकरण, लागतोच: दिव्याला प्रकाश कमी-जास्त करणारा, सिरॅमिकला थोडी थोडी थांबून वीज देणारा, म्हणजे पल्स प्रकारचा. थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावलेली पेटी म्हणजे भाजलेला साप. तापलेल्या वस्तूला अंग टेकलेलं असतानाही साप वेळेवर बाजूला होईल याची खात्री नसते.

एक बारीक वायर इथे फार महत्त्वाची आहे, थर्मोस्टॅटच्या सेन्सरची. साप तिच्यावरून सरपटतो आणि ती ओढली जाऊन थंड टोकाला पडते. मग सेन्सरला ‘अजून गारच आहे’ असं वाटत राहतं आणि दिवा पूर्ण ताकदीने जळत राहतो. म्हणून वायर केबल क्लिपने लाकडावर ठोकून बसवा. पेटीत चिकटपट्टी अजिबात नको, ती सापाच्या खवल्यांना चिकटते. तापमान काचेवर चिकटवायच्या पट्टीने मोजू नका. दोन टोकांना दोन डिजिटल थर्मामीटर आणि फरशीसाठी इन्फ्रारेड बंदूक घ्या.

लपायच्या जागा दोन हव्यात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. एकच असेल तर साप उबेऐवजी सुरक्षितता निवडतो, दिवसभर गार कोपऱ्यात बसून राहतो आणि खाल्लेलं पचत नाही. जागा ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर अंग सगळीकडून भिंतीला टेकलं पाहिजे. तिसरा एक प्लॅस्टिकचा डबा भोक पाडून, कडा घासून, त्यात घट्ट पिळलेलं ओलं शेवाळ घालून ठेवा. कात टाकताना त्याचा उपयोग होतो. खाली अस्पेन लाकडाचा भुसा 5 ते 8 सेंटिमीटर पसरा. देवदार किंवा पाइनचा नको, त्यातल्या तेलाचा श्वासाला त्रास होतो. पाण्याचं भांडं जड असावं, थंड टोकाला ठेवावं. आर्द्रता 40 ते 60 टक्के.

पहिला साप म्हणून अगदी पिल्लू घेऊ नका. वर्षभराचा, 50 ग्रॅमच्या आसपासचा, गोठवलेले उंदीर नियमित खाणारा घ्या. विकणाऱ्याकडे शेवटच्या पाच-सहा जेवणांच्या तारखा आणि उंदरांचे आकार मागा. ते सांगता येत नसेल तर तिथून घेऊ नका. घरी आणल्यावर सात दिवस हात लावायचा नाही. पहिलं जेवण त्यानंतर, आणि नेहमीपेक्षा लहान.

मापाचा नियम सोपा आहे: उंदीर सापाच्या वजनाच्या साधारण दहा टक्के, आणि जाडीला सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा फार तर दीडपट. 50 ग्रॅमच्या सापाला 5 ते 7 ग्रॅमचं पिल्लू दर सात दिवसांनी. 100 ग्रॅमला 10 ते 12, 200 ग्रॅमला 20 ग्रॅमचा, सात ते दहा दिवसांनी. पूर्ण वाढल्यावर 25 ते 30 ग्रॅमचा एक मोठा उंदीर दर चौदा दिवसांनी पुरतो. मागतोय म्हणून जास्त देऊ नका, पिंजऱ्यातले साप लठ्ठपणाने आजारी पडतात. दर महिन्याला वजन करून वहीत लिहा.

उंदीर आदल्या रात्री फ्रिजमध्ये पिशवीत ठेवून वितळवा, मग पिशवीसकट 40 अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि फुटतो. पोट दाबून बघा, आत गार गाठ लागली तर अजून थांबा. कोरडा करा, लांब चिमट्याने शेपटीच्या मुळाशी धरा आणि डोकं सापाकडे करून हळूच हलवा. जीभ भरभर बाहेर यायला लागेल, मान मागे इंग्रजी एससारखी वळेल, आणि झडप. त्याने वेटोळं घातलं की चिमटा अलगद सोडा, ओढू नका. तो डोक्याकडून गिळतो, पाच-दहा मिनिटं लागतात, आणि शेवटी जबडा जागेवर बसवायला मोठी जांभई देतो. नंतर 48 तास हात लावायचा नाही. जिवंत उंदीर कधीही सोडू नका, तो सापाला चावून जखमी करतो.

सासूबाईंचं म्हणाल, तर सापाला शाकाहारी पर्याय नाही, हे आधी मोकळेपणाने सांगा. फ्रीझरमधला एक खण मागण्यापेक्षा गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीझर घ्या, पातेलं आणि चिमटाही वेगळा. नागपंचमीला कुणी प्रेमाने दुधाची वाटी पुढे केली तरी ती देऊ नका. दूध हे सापाचं अन्न नाही, त्याने पोट बिघडतं.

न खाण्याची कारणं क्रमाने बघा. डोळे निळसर दुधाळ झाले असतील तर कात येतेय, टाकून होईपर्यंत थांबा. तसं नसेल तर तापमान, मग लपायच्या जागा, मग उंदीर पुरेसा ऊबदार होता का. नकार दिला तर त्याच दिवशी पुन्हा पुन्हा पुढे करू नका, पुढच्या आठवड्यात द्या. वजन दहा टक्क्यांनी घटलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ओकला तर 10 ते 14 दिवस उपाशी ठेवा, पाणी मात्र द्या, आणि नंतर निम्म्या आकाराचा उंदीर द्या. दुसऱ्यांदा ओकला तर थेट डॉक्टर. कात निघाल्यावर डोळ्यांवरच्या टोप्या (डोळा झाकणारे पारदर्शक खवले) आणि शेपटीचं टोक त्यात आलंय का बघा. शेपटीवर कात अडकून राहिली तर टोक सुकून गळतं. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके दिसले तर ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, असू शकतात, डॉक्टरांना दाखवा. साप हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच, सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळू देऊ नका.

उन्हाळ्यात तीन आठवडे भारतात जाणार असाल तर निघायच्या सात दिवस आधी शेवटचं जेवण द्या. मोठा, धडधाकट साप तेवढे दिवस अन्नाशिवाय आरामात राहतो. शेजाऱ्यांना दर दोन दिवसांनी पाणी बदलायला आणि दोन्ही थर्मामीटरचा फोटो पाठवायला सांगा. खायला घालायला सांगू नका.