अमेरिकेत कृष्णवर्णीय बाळं जास्त दगावतात, हे आनुवंशिक आहे का?

नाही. 2022 मध्ये तिथे दर हजार जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांची सुमारे 11 बाळं वर्षाच्या आत गेली, गोऱ्या मातांची 4.5. दोष रक्तातच असता तर आफ्रिकेतून आलेल्या मातांची बाळंही तितकीच कमी वजनाची, म्हणून जास्त धोक्यात असती. इलिनॉय या अमेरिकी राज्याच्या जन्मनोंदींवर 1997 साली आलेल्या अभ्यासात त्यांची वजनं गोऱ्या बाळांच्या जवळची निघाली. अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांची बाळं मात्र कमी वजनाची. शिकूनही सुटका नाही: पदवीधर कृष्णवर्णीय आईच्या बाळाला पदवीधर गोऱ्या आईच्या बाळापेक्षा जास्त धोका असतो. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या, तिथे घरकर्ज मिळेना. त्यातल्या अनेक ठिकाणी आजही दिवस भरण्याआधीची बाळंतपणं जास्त. आणि कृष्णवर्णीय बाईने दवाखान्यात त्रास सांगितला तरी तो मनावर घेतला जात नाही, याचीच मला सर्वात चीड येते.