अब्रूचं पाणी

प्रश्न (सोलापूरहून): बदनामीच्या कायद्यातल्या ‘क्वालिफाइड प्रिव्हिलेज’ला ‘पात्र विशेषाधिकार’ म्हणावं का? आणि ‘अब्रूनुकसानी’तली अब्रू आली कुठून?

‘पात्र’ अजिबात नको. कोशात पहिला दिसला तो अर्थ उचलून चिकटवलाय. इथे क्वालिफाइड म्हणजे अटी घातलेला. म्हणून सशर्त विशेषाधिकार, म्हणजे अटी पाळल्या तरच बदनामीच्या खटल्यापासून मिळणारं संरक्षण. आमदार विधानसभेत बोलला, त्यावर खटला होतच नाही (राज्यघटनेचा अनुच्छेद १९४); हा झाला बिनशर्त. तेच भाषण पेपरने छापलं तर अनुच्छेद ३६१अ त्याला वाचवतो, पण वृत्त मुळाशी इमान राखणारं हवं आणि छापण्यामागे आकस नको. हे कवच संसद-विधिमंडळापुरतंच. सोलापूर महापालिकेच्या सभेतला आरोप छापणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

‘पाच कोटींच्या अब्रूनुकसानीचा गुन्हा दाखल’ हे तर ऐकून ऐकून कान किटले. गुन्ह्याला शिक्षा असते. कोटी असतात ते दाव्यात. शिवाय हा अदखलपात्र गुन्हा, बाधित माणसाने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद करायची. भरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात, तोही मजकूर छापून आल्यापासून १ वर्षाच्या आत.

आता अब्रू. फारसीत आब म्हणजे पाणी, संस्कृत ‘अप्’चा चुलतभाऊ. रू म्हणजे चेहरा. आबरू म्हणजे चेहऱ्याचं पाणी, मोत्याचं पाणी म्हणतो तसलं. मराठीने पहिला ‘आ’ आखडला आणि गंमत झाली: फारसीत ‘अब्रू’ म्हणजे भुवई, आपल्या ‘भ्रू’चीच बहीण! आपला दावा इराण्याला भुवई गेल्याचा वाटायचा.

माझं म्हणणं याच्याही पुढे जातं. ‘तोंडचं पाणी पळणं’ हा आबरूचाच मराठी अवतार असावा. रू म्हणजे तोंड, आब म्हणजे पाणी. फारसीतही आबरू ‘जाते’च. भीतीने तोंड सुकतं म्हणून हा वाक्प्रचार आला, असं शरीरशास्त्र सांगणारे जाणकार भेटतात. मग ‘घशाला कोरड पडणं’ कशासाठी आहे? एका कोरडीला दोन वाक्प्रचार? संस्कृतनिष्ठ मंडळी ‘मानहानी’ पुढे करतात. अर्थ भागतो, पण त्या शब्दात पाणी नाही. सोलापूरच्या मे महिन्यात घशाला कोरड पडते, तोंडचं पाणी पळत नाही. ते पळतं वकिलाची नोटीस हातात पडल्यावर.