गाडी सुटल्याचा भास की भ्रम?

प्रश्न असा आहे : मडगाव स्थानकावर आपली गाडी उभी असते, शेजारची सुटते आणि क्षणभर आपणच निघालो असे वाटते. याला दृष्टिभ्रम म्हणावे, भास म्हणावे की आभास?

हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. तरी कान देऊन ऐकले तर फरक कळतो. भ्रम फिटतो. भ्रमाचा भोपळा फुटतो. भासाचा भोपळा फुटल्याचे काही ऐकिवात नाही. खोटे आहे हे ठाऊक असूनही दिसतच राहते, तो भास.

गाडीचा प्रकार माझ्या मते भ्रमात मोडतो. खिडकीभर शेजारचा डबाच असतो. तो सरकला की हललो ते आपणच, असा अर्थ मेंदू लावतो आणि आपण तो खरा मानतो. दुसऱ्या बाजूला फलाटावरचा खांब जागच्या जागी दिसला की खेळ खलास. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात नेमके हेच आहे. नावेत बसलेल्याला थडीवरचे रुख वेगाने जाताना दिसतात, साचोकारे पाहू गेल्यावर ते अचळ ठरतात. रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीतून खारफुटीकडे बघत राहा, ओवी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

दूधसागरची गोष्ट निराळी. धारेतल्या एकाच जागी अर्धा मिनिट नजर रोखा आणि मग ती बाजूच्या कातळावर न्या. कातळ वर चढू लागतो! आणि गंमत म्हणजे चढता चढता जागचा हलतही नाही. खाली जाणारी गती टिपणाऱ्या मज्जापेशी एव्हाना मंदावलेल्या असतात, त्यामुळे वरच्या गतीला प्रतिसाद देणाऱ्या पेशींचे पारडे जड होते. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी 1834 साली स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्याजवळ आलेला हाच अनुभव लिहून ठेवला. आता कारण कळले, म्हणून पुढच्या वेळी कातळ चढायचा थांबेल का? नाही. हा निखळ भास.

आभास मात्र बहुधा कुणीतरी उभा केलेला असतो. सिनेमात सेकंदाला 24 स्थिर चित्रे दाखवून गतीचा आभास ‘निर्माण करतात’. भास निर्माण केला, हे कानाला खटकते. भास आपला आपण होतो. (गिरकी घेऊन थांबल्यावर घर फिरते ती चक्कर. तिचे मूळ कानाच्या आतल्या भागात आहे, तिला यात ओढू नये.)

दृष्टिभ्रम हा शब्द रुळला आहे, तो हद्दपार करायचे कारण नाही. पण धबधब्याजवळचा कातळ किंवा छापील चित्रात गरगरणारी चक्रे यांच्यासाठी मी तरी ‘गतिभास’ लिहीन. लिहिताना दृष्टिभ्रमातला ‘ष्टि’ आणि गतिभासातला ‘ति’, दोन्ही ऱ्हस्व.