रेनेसाँ म्हणजे नेमकं काय? चित्रकलेतला, इमारतींतला आणि समाजसुधारणेतला रेनेसाँ एकच का?

शब्द फ्रेंच, अर्थ पुनर्जन्म. इटलीत 14व्या-15व्या शतकांत जुन्या ग्रीक-रोमन विद्येकडे लोक नव्याने वळले. चित्रांत माणूस हाडामांसाचा दिसू लागला, दूर-जवळ कळेल अशी खोली आली. इमारतींत प्रमाणबद्धता, खांब, घुमट परतले. पाहायचं असेल तर जुन्या गोव्यातलं सेंट कॅजेटन चर्च गाठा, से कॅथेड्रलपासून चालत जाता येतं. थिएटाईन या कॅथलिक पंथाच्या इटालियन पाद्र्यांनी 17व्या शतकात रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या धर्तीवर ते बांधलं. काळ बरोकचा, म्हणजे रेनेसाँनंतरच्या जास्त नटव्या शैलीचा, पण घुमट आणि कोरिंथियन (वर पानांची नक्षी असलेले) खांब रेनेसाँच्याच परंपरेतले. घुमटाखाली शांत उभे राहाच!

समाजसुधारणेतल्या रेनेसाँला आपण प्रबोधन म्हणतो. तिथे नुसतं जुनं परत आणणं नव्हतं, जुन्याला प्रश्न विचारणंही होतं. 1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' हे वृत्तपत्र काढलं ते याच ओढीने. आपल्या पेडण्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड मुंबईत डॉक्टरकी करत प्राचीन शिलालेख वाचत होते. माझ्या मते जुन्याकडे वळणं आणि जुन्याला प्रश्न विचारणं, हे दोन्ही अर्थ त्यांच्यात एकत्र भेटतात.