वाचकांचे प्रश्न : क्रीमी पास्ता आणि तिखट कोळंबी

या खेपेला पास्त्याचे प्रश्न बरेच आले आणि त्यांतले बहुतेक कोळंबीपाशी येऊन अडलेले. ठाणे-नवी मुंबईच्या स्वयंपाकघरांना कोळंबी नवी नाही, क्रीम नवं आहे. या दोघांनाही फार वेळ आच सोसत नाही आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात. खालच्या उत्तरांत छोटा चमचा ५ मिलिलिटरचा, मोठा १५ मिलिलिटरचा आहे.

आठच्या सुमाराला ठाणे स्टेशनला उतरते, नऊच्या आत जेवायला बसायचं असतं. तिघांसाठी झटपट होईल अशी संपूर्ण कृती मापांसह द्याल का? हॉटेलात मिळतो तसा तिखट हवा.
– वाचक, नौपाडा

कोळंबी आधीच साफ केलेली असेल तर अर्ध्या तासात होतो. नसेल तर सोलायला नि दोरा काढायला वीस मिनिटं वेगळी धरा.

तिघांसाठी पेने किंवा फुसिली २५० ग्रॅम, साफ केलेली मध्यम कोळंबी पाव किलोच्या आसपास (सालासकट घेतली तर अर्धा किलो), फ्रेश क्रीम २०० मिलि, लोणी आणि तेल प्रत्येकी एक मोठा चमचा, एक लहान कांदा, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, अर्धं लिंबू.

हॉटेलात मिळतो तो बहुतेक केजन मसाल्याचा पास्ता असतो. केजन हे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या फ्रेंच वंशाच्या लोकांचं स्वयंपाकघर. मसाला घरी दोन मिनिटांत होतो : काश्मिरी मिरची पूड दीड छोटा चमचा, लवंगी मिरचीचं तिखट पाव चमचा, लसूण पूड, मिरी पूड आणि ओरेगॅनो प्रत्येकी अर्धा, मीठ अर्धा. मूळ मसाल्यात थाइम असतो. तो नसेल तर ओव्याची चिमूट हातावर चोळून घाला. थाइमचा वास ज्या थायमॉलमुळे येतो तेच ओव्यातही आहे. चिमटीपेक्षा जास्त घातलात तर मात्र भज्यांचा वास येईल.

घरात शिरल्याबरोबर दोन लिटर पाणी उकळत ठेवा, त्यात एक मोठा चमचा मीठ. पाणी तापेपर्यंत कोळंबी फडक्याने कोरडी करून अर्धा मसाला चोळा, कांदा-लसूण बारीक चिरा. पाण्याला खळखळून उकळी आली की पास्ता टाका, पहिलं मिनिटभर ढवळा. पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर ९ मिनिटांनी काढायचा, कारण उरलेली दोन मिनिटं तो सॉसमध्ये शिजणार आहे. गाळण्याआधी दीड कप पाणी बाजूला काढा. हे विसरू नका, सगळा सॉस त्यावर उभा आहे.

पास्ता शिजत असताना जाड बुडाची पसरट कढई चांगली तापवून तेल घाला. कोळंबी एका थरात, एकमेकींना न चिकटता मांडा. एका बाजूने दीड मिनिट, उलटून एक मिनिट, लगेच ताटलीत काढा. मधोमध किंचित पारदर्शक दिसली तरी चालेल, तिच्यातल्या उष्णतेने ती ताटलीतही शिजत राहते. आता आच मंद करून त्याच कढईत लोणी, त्यात कांदा दोन मिनिटं, लसूण अर्धा मिनिट, उरलेला मसाला पंधरा-वीस सेकंद. लसूण पूड आणि मिरची लवकर करपतात आणि मग पुढे कितीही क्रीम ओता, कडूपणा जात नाही. म्हणून लगेच पास्त्याचं अर्धा कप पाणी घालून कढईच्या बुडाला लागलेलं खरवडून घ्या, खरी चव तिथेच असते. मग क्रीम, मंद आचेवर दोन मिनिटं. पास्ता घालून दोन मिनिटं हलवत राहा, घट्ट वाटला तर तेच पाणी थोडं थोडं. गॅस बंद करून कोळंबी आणि ताटलीत सुटलेला तिचा रस आत घाला, वरून लिंबाचे चार-पाच थेंब. सॉस कढईत असताना थोडा पातळच दिसायला हवा. ताटात वाढेपर्यंत तो आळतो.

कोळंबी रबरासारखी होते आणि एवढं पाणी सोडते की सॉसचं कालवण होतं. कोळंबी मॉलमधली गोठवलेली असते. दोष तिचा का?
– वाचक, ऐरोली

थोडा तिचा, बराचसा आचेचा. कोळंबीच्या मांसातली प्रथिनं तापली की आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. शिजवणं जेवढं लांबतं तेवढी ती कोरडी नि चिवट होते. कालवणात रस्सा भोवती असल्याने हे थोडं लपतं, पास्त्यात लपत नाही. वाकून इंग्रजी ‘सी’सारखी झाली की काढायची, गोल वळली म्हणजे वेळ टळली. कोळंबी क्रीममध्ये उकळायचीच नाही. आधी वेगळी परतायची आणि अगदी शेवटी आत घ्यायची.

गोठवलेली कोळंबी रात्री फ्रिजच्या खालच्या खणात, चाळणीत ठेवून सुटू द्या. घाई असेल तर पिशवी घट्ट बांधून गार पाण्यात अर्धा तास. गरम पाणी नको. बाहेरचं मांस शिजायला लागतं आणि आत बर्फ तसाच राहतो. या कोळंबीवर बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो, म्हणून पाकिटावर बर्फ सोडून निव्वळ वजन किती ते बघून घ्या.

सुटल्यावर ती निथळून, कोरड्या फडक्यात दाबून पुसा. ओली कोळंबी कढईत पडली की आधी ते पाणी उकळतं, तोवर ती उकडून निघते आणि मसाल्याला खरपूसपणा येतच नाही. पाव किलोसाठी कढई लहान असेल तर दोन घाणे करा. गर्दी केली की कढई गार पडते आणि सुटलेलं पाणी उडून जात नाही.

पाव किलो कोळंबीला खाण्याच्या सोड्याचा पाव छोटा चमचा आणि तेवढंच मीठ चोळून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली तर पाणी कमी सोडते आणि चावायला टणटणीत राहते. नंतर धुऊन पुसायची आणि मसाल्यातलं मीठ निम्मं करायचं. सोडा मात्र मोजूनच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. ताज्या कोळंबीला या उपद्व्यापाची गरज नाही.

क्रीम घातल्यावर सॉस फुटतो, कडेने तूप सुटल्यासारखं दिसतं. मी त्यात टोमॅटोही घालते.
– वाचक, कळवा

आपल्याकडे खोक्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. परदेशी कृतींत जे क्रीम धरलेलं असतं त्यात ३५ टक्के किंवा जास्त. स्निग्धांश कमी म्हणजे दुधाची प्रथिनं तुलनेने जास्त, आणि आंबट पदार्थ व जोराची आच एकत्र आली की ती गोळा होऊन दही फुटल्यासारखं दिसतं. टोमॅटो घालायचाच असेल तर आधी लोण्यात त्याचं पाणी आटून लगदा होईपर्यंत परता, मग पास्त्याचं पाणी घाला, मग आच अगदी बारीक करून क्रीम. क्रीम फ्रिजमधून काढून थेट ओतू नका, तासभर आधी बाहेर काढा किंवा वाटीत सॉसचे दोन-तीन चमचे मिसळून मग घाला. कडेला बारीक बुडबुडे दिसले की पुरे, रटरटू द्यायचं नाही. लिंबू गॅस बंद केल्यावरच.

पास्त्याच्या पाण्यातला स्टार्च इथे उपयोगी पडतो. तो सॉसला दाटपणा देतो आणि स्निग्धांश वेगळा होऊ देत नाही. म्हणूनच पास्ता शिजवताना पाण्यात तेल घालू नका. पास्ता चिकटू नये याला सुरुवातीचं ढवळणं पुरतं आणि तेलाचा थर बसला तर सॉस पास्त्यावरून घसरतो. तूप सुटायला नुकती सुरुवात झाली असेल तर गॅस बंद करून हे गरम पाणी दोन-तीन चमचे घाला आणि जोरात घोटा, बऱ्याचदा सॉस परत एकजीव होतो. दाणे पडले असतील तर मात्र तो सावरत नाही. चवीला बिघडत नाही, पण ताटात दिसतंच.

आमच्याकडे वर्षाचा आगरी मसाला असतो. केजनऐवजी तोच घातला तर?
– वाचक, करावे गाव

घाला, आणि मनापासून घाला. कोळंबीशी त्याचं नातं जुनं आहे. फक्त तो क्रीमवर वरून भुरभुरवू नका. त्यातल्या मिरच्या नि खडे मसाले भाजलेले असले तरी तेलात परतल्याशिवाय त्यांचा वास उघडत नाही. पाव किलो कोळंबीला एक छोटा चमचा, चिमूटभर हळद आणि मीठ. सॉससाठी अर्धा चमचा लोण्यात लसणाबरोबर दहा सेकंद. ओरेगॅनो, थाइम मग नको, दोन्ही वास एकमेकांना मारतात. वरून कोथिंबीर चालेल. क्रीमऐवजी नारळाचं घट्ट दूधही या मसाल्याशी जमतं. तेसुद्धा उकळलं की फुटतं, तेव्हा शेवटी आणि मंद आचेवर.

तिखटाचं एक लक्षात ठेवा. मिरचीतलं कॅप्सेसिन स्निग्धांशात विरघळतं आणि दुधातली प्रथिनंही त्याची धार मोडतात. म्हणून क्रीम घालण्याआधी चाखून ‘झालं बरोबर’ वाटलं, तर क्रीमनंतर ते फिकं लागणार. आधी थोडं चढंच ठेवा. विकतच्या केजन मसाल्यात मीठ बरंच असू शकतं, तो वापरलात तर वेगळं मीठ अगदी शेवटी, चाखून.

कोणती कोळंबी घ्यावी? आणि पावसाळ्यात काय?
– वाचक, कोपरखैरणे

पास्त्याला किलोला साधारण ५० ते ७० नग बसतील अशी मध्यम कोळंबी सोयीची. फार मोठी टायगर महाग पडते आणि घास मोठा होतो. अगदी बारीक करंदी चव देते, पण अर्ध्या मिनिटात शिजून जाते. ती वेगळी न परतता लसणामागोमाग कढईत घालून लगेच पुढे जायचं. दिवाळे गावच्या किंवा ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला घेणार असाल तर डोकं अंगाला घट्ट आहे का, साल मांसाला चिकटून चमकतंय का ते पाहा. डोकं लोंबत असेल किंवा अमोनियासारखा उग्र दर्प असेल तर घेऊ नका. डोक्याजवळ काळपट डाग म्हणजे माल धरून बराच वेळ झालाय.

सालासकट घ्या असं आम्ही आग्रहाने सांगू. सोललेली घेतली तर सॉसची अर्धी चव कोळणीच्या टोपलीत राहते. डोकी आणि सालं धुऊन, एक मोठा चमचा लोण्यात मध्यम आचेवर चार मिनिटं परता. लोणी केशरी होतं. साल तापलं की त्यातलं अस्टाझँथिन हे रंगद्रव्य मोकळं होतं आणि स्निग्धांशात उतरतं. मग दीड कप पाणी घालून पंधरा मिनिटं मंद उकळा, डोकी पळीने दाबा आणि बारीक गाळणीतून गाळा. जास्त वेळ उकळलं तर कडवट वास येतो. हा कपभर अर्क पास्त्याच्या पाण्याच्या जोडीला सॉसमध्ये घातला की क्रीम २०० ऐवजी १२० मिलि पुरतं आणि सॉस कोळंबीचा लागतो, नुसत्या क्रीमचा नाही.

जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा बाजारात दिसते ती बरीचशी तळ्यात वाढवलेली व्हॅनामेई, नाहीतर गोठवलेली. पास्त्याला व्हॅनामेई उत्तम, एकसारख्या आकाराची असल्याने शिजतेही सारखी. सोडे (सुकवलेली सोललेली कोळंबी) वापरायचे तर ३० ग्रॅम कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून, पिळून लोण्यात परता. मऊ रसदारपणा येणार नाही, वास मात्र दांडगा येतो. सोडे खारट असतात, तेव्हा सॉसमध्ये मीठ घालू नका.

क्रीमशिवाय जमेल का? महिन्यातून एकदा ठीक, दर आठवड्याला परवडत नाही.
– वाचक, नेरूळ

जमेल. एक मोठा चमचा लोण्यात एक मोठा चमचा मैदा दोन मिनिटं रंग न बदलता परता, दीड कप म्हशीचं दूध तीन वेळा करून, दर वेळी घोटत घाला आणि पाच मिनिटं शिजवा. शेवटी प्रोसेस्ड चीजचा एक क्यूब किसून. इटलीत मासळीच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत, पण हा पदार्थ मुळात इटलीचा नाही आणि या सॉसमध्ये क्यूब कामाचा आहे : त्यातल्या क्षारांमुळे सॉस गुळगुळीत राहतो. ताजी साय घोटून घातली तरी चालते, शिळी आंबूस साय फुटते.

उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी डब्यात देता येईल का?
– वाचक, घोडबंदर रोड

डब्यात नको. क्रीम आणि कोळंबी दोन्ही दोन तासांहून जास्त बाहेर राहू नयेत आणि मुंबईच्या उकाड्यात तर त्याआधीच फ्रिजमध्ये जायला हवीत. घरी दुसऱ्या दिवशी खायचा असेल तर कोळंबी वेचून वेगळ्या डब्यात ठेवा. पास्ता तीन-चार चमचे दुधात मंद आचेवर सोडवा, वाफाळला की कोळंबी घालून ती आतपर्यंत गरम होईल एवढंच. मायक्रोवेव्हमध्ये सगळं एकत्र गरम केलं तर कोळंबी पुन्हा शिजते आणि चिवट होते.

घरी पाहुणे येणार आहेत, त्यांच्यातल्या एका मुलीला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे. तिच्यापुरती कोळंबी काढून वाढली तर चालेल ना?
– वाचक, खारघर

अजिबात नाही. बहुतेकांना ही अ‍ॅलर्जी ज्या प्रथिनामुळे होते ते ट्रोपोमायोसिन शिजवल्याने नष्ट होत नाही आणि सॉसमध्ये, कढईत, पळीला उतरलेलं असतं. तिचा पास्ता वेगळ्या भांड्यात, कोळंबी हाताळण्याच्या आधी करून झाकून ठेवा. मश्रूमचा करा : २०० ग्रॅम मश्रूम जाड चिरून, मीठ-मसाला न घालता मोठ्या आचेवर पाणी सुटून आटेपर्यंत परतायचे, मग मसाला, बाकी सगळं वरच्यासारखंच. आगरी मसाला वापरणार असाल तर त्या डब्यात कोळंबीच्या हाताने चमचा गेलेला नाही ना, तेही बघा. शंका असेल तर नवं पाकीट फोडा.