हाताने फिरवायचा भट्टीचा जुना पंखा खूप जड फिरतो, टाकून द्यावा का?

टाकू नका, बहुतेक वेळा आतलं जुनं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं, एवढंच. मूठ मात्र जोर लावून फिरवू नका, कारण गिअरचा दाता तुटला तर तसा दुसरा मिळणं फार कठीण. गिअरपेटी उघडून रॉकेलमध्ये रात्रभर भिजू द्या (पेटत्या भट्टीपासून लांब), मग ब्रशने घासून, पुसून पूर्ण कोरडी करा आणि पातळ मशीन ऑइल घाला. ग्रीस पुन्हा भरू नका. पाती मुठीच्या कित्येक पट वेगाने फिरतात. घट्ट ग्रीस एकदा बाजूला ढकललं गेलं की दात्यांकडे परत येत नाही, आणि मूठ पुन्हा जड होते. दांड्याजवळून थोडं तेल गळेल, ते बिघाडाचं लक्षण नाही. अशा बऱ्याच पंख्यांना ऑइल सील (दांड्याभोवती तेल अडवणारं कडं) नसतंच, म्हणून भट्टी पेटवण्याआधी चार थेंब घालायचे. असे पंखे उघडून साफ करतानाच हे शिकलो. साफसफाईनंतरही मूठ एकाच जागी अडखळत असेल, तर बहुधा बेअरिंगचे छर्रे किंवा दाते झिजलेले असतात. तिथे तेलाचा उपयोग नाही, तो भाग बदलावाच लागेल.